रेशनकार्ड हेही क्लिनिकल काम आहे

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात फील्डवर्कच्या एजन्सी वाटून दिल्या जातात, त्या दिवशी 'वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य' घेतलेल्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो : "सर, तिथे काउन्सेलिंग करायला मिळेल ना? की नुसती कागदपत्रंच?" प्रश्न प्रामाणिक असतो. सीनियर्सकडून त्यांनी ऐकलेलं असतं की रुग्णालयात गेलं की योजनेच्या टेबलावर बसवतात, रेशनकार्ड पिवळं की केशरी ते बघायला सांगतात, झेरॉक्स लावायला लावतात आणि वर्ष तसंच सरतं. इकडे वर्गात फ्रॉइड, रॉजर्स, सीबीटी शिकवून झालेली असते. मग मनात एक उतरंड तयार होते. दार लावून, समोरासमोर बसून बोलणं हे वरचं, क्लिनिकल काम; आणि दाखला, कार्ड, तहसील, एसटीचं भाडं हे खालचं, कारकुनी काम.

ही उतरंड चुकीची आहे. क्लिनिकल समाजकार्याच्या शिक्षणाचं आज सर्वांत मोठं नुकसान तीच करते आहे, असं माझं ठाम मत आहे. कागद एकीकडे आणि मन दुसरीकडे अशी वाटणी एकदा मान्य केली की समाजकार्यकर्त्याच्या हाती स्वतःचं काही उरत नाही. औषध डॉक्टर देणार, मानसोपचार मानसशास्त्रज्ञ करणार, अर्ज कारकून भरणार. मग याची गरज कोणाला? गरज आहे ती या तिघांच्या मधली जागा सांभाळणाऱ्या माणसाची. ते काम अंगी यायला शिक्षण लागतं, आणि ते शिक्षण आपण मुलांना फार अर्धवट देतो.

एक घर डोळ्यांसमोर आणू. ते कोणा एकाचं नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत काम केलेल्या कोणालाही ओळखीचं वाटेल असं आहे. चोविशीतला मुलगा, स्किझोफ्रेनियाचं निदान, दोनदा भरती होऊन गेलेला. तिसऱ्यांदा आई त्याला घेऊन आली आहे. केसपेपरवर आधीची नोंद आहे : 'औषधं अनियमित. नातेवाइकांना समजावून सांगितले.' आता पुन्हा तेच समजावून सांगायचं काम फील्डवर्कच्या विद्यार्थिनीकडे येतं. ती सांगते, आई मान डोलावते, मुलगा गप्प बसतो. काउन्सेलिंग झालं, असं रिपोर्टात लिहिता येतं.

ही विद्यार्थिनी मात्र होम व्हिजिटला जाते. तिथे तिला कळतं की सकाळची गोळी घेतली की त्याला झोप आवरत नाही. सहा वाजता वीटभट्टीच्या ट्रॅक्टरवर चढलं नाही तर त्या दिवसाची हजेरी गेली. म्हणून कामाच्या दिवशी तो गोळी टाळतो. मग काम टाळता येत नाही का? येत नाही, कारण घरात दाणा त्याच्याच मजुरीतून येतो. थोरला भाऊ वेगळा निघाला तेव्हा रेशनकार्ड त्याच्याकडे राहिलं. आई आणि धाकटा यांची नावं कमी झाली आणि नवं कार्ड काढायचं राहून गेलं. गोळ्या दवाखान्यात फुकट मिळतात, पण त्या आणायला आई आणि मुलगा या दोघांची हजेरी बुडते, वर जायचं-यायचं भाडं. कार्ड नाही म्हणून धान्य नाही, धान्य नाही म्हणून खाडा परवडत नाही, खाडा परवडत नाही म्हणून गोळी चुकते आणि गोळी चुकते म्हणून आजार उलटतो. तीनदा भरती होण्याचं कारण केसपेपरवर कुठेही नाही. ते तलाठी आणि पुरवठा निरीक्षकाच्या टेबलांमध्ये कुठेतरी अडकलेलं आहे.

अशा घरात रेशनकार्ड काढून देणं हा उपचाराचाच भाग ठरतो. पण तो आपोआप ठरत नाही. त्याच आईला खिडकीवर एखाद्याने फॉर्म भरून दिला असता तर कार्ड मिळालं असतं, आणि गोळी तरीही चुकत राहिली असती. विद्यार्थिनीने ते कार्ड आणि ती गोळी यांचा संबंध लावला, तो डॉक्टरांपुढे मांडला, गोळी रात्री देता येईल का आणि दोन महिन्यांची एकदम देता येईल का हे विचारलं, आणि मुलाशी त्याच्या कामाविषयी बोलली. त्याला आजवर सगळ्यांनी गोळीबद्दलच विचारलं होतं. भट्टीवर काय करतोस, मुकादम कसा आहे, झोप आली की काय होतं, हे कोणी विचारलं नव्हतं. डोस ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचाच. पण ठरवायला लागणारी माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवणारं दुसरं कोणी त्या इमारतीत नसतं.

आता याच घरातला पुढचा कागद बघू : दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि मानसिक आजार हा त्यांतला एक आहे. तो मोजण्यासाठी इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने तयार केलेली 'आयडियाज' ही मोजपट्टी वापरतात. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबींत प्रत्येकी शून्य ते चार गुण, आणि आजार किती वर्षं आहे त्याचे वेगळे. बेरजेवरून टक्केवारी निघते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर बहुतेक सवलतींचं दार उघडतं. गुण देणं डॉक्टरांचं काम. पण त्यासाठी घरची माहिती काढणं अनेकदा समाजकार्यकर्त्याकडे येतं, आणि तिथे विद्यार्थिनी समोर बसलेली असते.

"आंघोळ स्वतः करतो का?"

"करतो की. सगळं करतो तो."

"पाणी कोण काढून देतं?"

"मीच देते."

"आणि तुम्ही कधी गावाला गेलात, तर?"

आई मुलाकडे बघते. मुलगा जमिनीकडे बघत असतो.

इथे थांबून विचार करायला हवा, कारण संबंध क्लिनिकल समाजकार्य या तीन प्रश्नांत आलं आहे. आईने 'सगळं करतो' म्हटलं तर मुलाचा मान राहतो, पण गुण कमी पडतात आणि प्रमाणपत्र हातचं जातं. तिने 'माझ्यावाचून त्याचं काही होत नाही' म्हटलं तर कागद मिळतो, पण मुलाने ते ऐकलेलं असतं. एकीकडे आपण त्याला सांगतो की तू बरा होऊ शकतोस, कामाला जाऊ शकतोस. दुसरीकडे त्याच तोंडाने सिद्ध करायला निघतो की त्याला काही जमत नाही. उपचाराला त्याची ताकद हवी असते आणि कागदाला त्याची कमतरता. हा पेच फॉर्म भरणाऱ्या कारकुनाला दिसत नाही. दार लावून बसलेल्या समुपदेशकापर्यंतही तो पोहोचत नाही, कारण फॉर्म त्याच्या टेबलावर येतच नाही. ज्याच्या हातात फॉर्म आहे आणि ज्याला समोरच्या मुलाची खाली गेलेली मान वाचता येते, अशाच माणसाला तो सोडवता येतो.

सोडवायचा कसा, याचं उत्तर कुठल्या पुस्तकात एका ओळीत मिळणार नाही. आईशी वेगळं बोलावं का? मुलाला आधीच सांगावं का, की आज मी काही प्रश्न विचारणार आहे, ते तुझ्या वाईट दिवसांबद्दलचे आहेत, चांगल्या दिवसांबद्दल आपण नंतर बोलू? त्यालाच विचारावं का, की अवघड दिवशी तुला कशाची मदत लागते? शेवटचा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो, कारण त्यात उत्तर देण्याचा मान त्याच्याकडे राहतो. पण तो पहिल्या झटक्यात साधत नाही. त्यासाठी सराव लागतो, आणि सरावानंतर कोणीतरी शेजारी बसून 'तू असं का विचारलंस?' हे विचारणारं लागतं.

हे मी नव्याने सांगतो आहे असं नाही; या व्यवसायाचा जन्मच असा झाला. १९०५ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी रुग्णालयात समाजकार्यकर्ते आणले. विश्रांती घ्या, सकस खा, असं लिहून द्यायचं आणि घरी विश्रांतीला जागा नाही, खायला अन्न नाही, हे त्यांना रोज दिसत होतं. पुढे आयडा कॅनन यांनी ते काम उभं केलं. १९१७ साली मेरी रिचमंड यांचं 'सोशल डायग्नोसिस' आलं. माणूस समजून घ्यायचा तर घरचे, शेजारी, शाळा, मालक, कागदपत्रं या सगळ्यांकडून पुरावा कसा गोळा करायचा आणि कसा तोलायचा, हे त्यात पद्धतशीर मांडलं आहे. आपल्याकडे १९३६ साली मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तेच आजचं 'टिस'. ते सुरू झालं नागपाड्याच्या नेबरहूड हाऊसमध्ये, कामगार वस्तीच्या ऐन मध्ये. वर्षभरात तिथे बालमार्गदर्शन केंद्र निघालं. १९४६ साली जे.जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. रुग्णाचं मन आणि रुग्णाची खोली या दोन गोष्टी वेगळ्या धरून यांतलं काहीही सुरू झालेलं नव्हतं.

उतरंड आली ती नंतर. पहिल्या महायुद्धातून खचून परतलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत मनोविकार समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं. १९१८ सालचं स्मिथ कॉलेज हे त्यातलं प्रसिद्ध नाव. त्यानंतर मनोविश्लेषणाची लाट आली, आणि मन हाताळणाऱ्यांना एक वलय लाभलं. घर, भाकरी, भाडं यांचं काम त्या वलयाबाहेर राहिलं. आपण पाठ्यपुस्तकं तिकडून आणली, आणि पुस्तकांबरोबर तो दर्जाभेदही आला.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्हींत तथ्य आहे.

पहिला आक्षेप विद्यार्थ्यांचा. ते म्हणतात, कागदाचं काम क्लिनिकल असतं हे वर्गात बोलायला ठीक, आम्हाला प्रत्यक्षात कारकूनच केलं जातं. खरं आहे. महाराष्ट्रातल्या शासकीय रुग्णालयांत या पदाचं नाव 'समाजसेवा अधीक्षक'. महात्मा फुले योजनेचे कागद, गरीब रुग्णांसाठीचा निधी, बेवारस रुग्ण, रक्तदान शिबिरं, पाहुण्यांचे दौरे, असं जे जे कोणाच्या वाट्याला जात नाही ते या खुर्चीकडे येतं. दार लागेल अशी खोली अनेकांना नसते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात; तिथला समाजकार्यकर्ता एका बाजूला व्यवस्थापनाचा पगारदार आणि दुसऱ्या बाजूला रुग्णाचा वकील, अशा दुहेरी पेचात दिवस काढतो. अशा ठिकाणी वर्षभर बसलेल्या मुलीला 'हेच क्लिनिकल आहे' असं नुसतं सांगणं हा तिच्यावर अन्याय होईल. दिवसाला शंभर फॉर्म तपासताना कोणीही कोणाची मान वाचू शकत नाही. त्यामुळे माझी मागणी विद्यार्थ्यांनी मुकाट्याने कारकुनी करावी अशी नाही. मागणी अशी आहे की त्या कामाला वेळ, खोली आणि केसपेपरवर स्वतःच्या सहीने नोंद करण्याचा अधिकार मिळावा. जिथे तो मिळतो तिथे काय होतं, हे मुंबईत दिसलं आहे. २००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं. पडले, भाजले, चुकून औषध प्यायले, असं सांगत कॅज्युअल्टीत येणाऱ्या बाईच्या मागे घरातली मारहाण असू शकते, हे ओळखायचं, तिच्याशी बोलायचं, आज रात्री ती कुठे झोपणार हे तिच्याबरोबर ठरवायचं, वैद्यकीय नोंद नीट होते ना ते बघायचं, आणि पोलीस, वकील, आधारगृह यांच्यापर्यंत तिला पोहोचवायचं. यात कोणता भाग समुपदेशन आणि कोणता कागद, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. नीट झालेली वैद्यकीय नोंद त्या बाईला उद्या न्यायालयात उपयोगी पडते, आणि 'माझ्यावर कोणीतरी विश्वास ठेवला' ही खात्री तिला आजच देते.

दुसरा आक्षेप मानसशास्त्राच्या बाजूने येतो. मानसशास्त्रज्ञ म्हणतात, मानसोपचार हे कठोर शिस्तीचं शास्त्र आहे; आठवड्यातून दोन दिवस फील्डवर्क केलेल्या एमएसडब्ल्यूने त्यात हात घालू नये. हेही मला मान्य आहे. आज मुलं एमएसडब्ल्यू संपता संपता शनिवार-रविवारचा एखादा सर्टिफिकेट कोर्स करतात आणि 'थेरपिस्ट' अशी पाटी लावतात, हे धोक्याचं आहे. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणारा माणूस समोर बसला तर काय विचारायचं, कधी एकट्याने सांभाळायचं नाही, कोणाला बोलवायचं, हे दोन दिवसांच्या कार्यशाळेत येत नाही. म्हणूनच एमएसडब्ल्यूनंतर एम.फिल.ची दोन वर्षं होती. बेंगळुरूचं निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था, तेजपूरची संस्था इथे ही दोन वर्षं पूर्णवेळ वॉर्डात, ओपीडीत, वस्तीत, अनुभवी माणसांच्या देखरेखीखाली जात. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्याच या एम.फिल.वर उभी केली आहे : समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, आणि त्यावर देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल.

आणि आता एम.फिल.चाच शेवट ठरवला गेला आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती पदवी बंद करायची ठरवली, विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम बदलले, आणि मग क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोनच विषयांना २०२५-२६पर्यंत मुदतवाढ दिली. मुदतवाढ द्यावी लागली यातच सगळं आलं. बाकी विषयांत एम.फिल. ही संशोधनाची पायरी होती. या दोन विषयांत ती माणसावर काम करण्याचा परवाना होती. एका फटक्यात सगळ्या एम.फिल. बंद करताना हा फरक कोणी लक्षात घेतला नाही. उद्या तिच्या जागी कोणतंही नाव येवो, त्यातली दोन वर्षांची पूर्णवेळ देखरेख कमी होता कामा नये. २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने आपल्या अनुसूचीत वैद्यकीय, क्लिनिकल आणि मनोविकार समाजकार्यकर्त्यांचा समावेश केला आहे. नोंदणी आणि किमान पात्रता ठरवण्याची संधी त्यातून आली आहे. ती ठरवताना प्रात्यक्षिकाचे तास आणि त्यामागची देखरेख मोजली गेली नाही, नुसते क्रेडिट मोजले गेले, तर कायदा होऊनही माणूस घडणार नाही.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. समाजकार्याच्या शिक्षणात फील्डवर्कला जोडून एक गोष्ट असते, तिला मुलं 'आयसी' म्हणतात. इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. विद्यार्थी आणि सुपरव्हायझर समोरासमोर बसतात. विद्यार्थ्याने त्या आठवड्यातल्या भेटीचं प्रोसेस रेकॉर्डिंग लिहून आणलेलं असतं : मी काय म्हटलं, ते काय म्हणाले, मला तेव्हा काय वाटलं. जुन्या सुपरव्हायझरांच्या हाताखालून गेलेले असे रिपोर्ट मी पाहिले आहेत. समासात पेन्सिलीने छोटे प्रश्न लिहिलेले. 'इथे तू विषय का बदललास?' 'आई रडली तेव्हा तू पाण्याचा ग्लास आणायला उठलीस. कोणासाठी?' एक सेमिस्टरभर असे प्रश्न अंगावर घेतलेली मुलगी पुढे आयुष्यभर स्वतःलाच ते विचारत राहते. क्लिनिकल शिक्षण म्हणतात ते हे. बाकी सगळं वाचून येतं.

आज अनेक कॉलेजांत आयसी ही सही घेण्याची रांग झाली आहे. एका शिक्षकाकडे विद्यार्थी फार, शिक्षकांच्या जागा रिकाम्या, जे आहेत ते तासिका तत्त्वावर. फील्डवर्क झालं याचा पुरावा म्हणजे बॅनरसमोरचा फोटो आणि वेळेचा-जागेचा शिक्का. रिपोर्टात 'क्लाएंटला समजावले, क्लाएंटने प्रतिसाद दिला' या वाक्याच्या पुढे कोणी जात नाही, आणि गेलेलं कोणी वाचत नाही. मुलाने तीस पानं लिहावीत आणि त्यावर एकही प्रश्न परत येऊ नये, याचा अर्थ मुलं लवकर ओळखतात. पुढच्या वर्षीचे रिपोर्ट मग मागच्या वर्षीच्या मुलांचे असतात.

याची किंमत विद्यार्थी स्वतः मोजतात, आणि ही बाब मला सर्वांत जास्त छळते. एमएसडब्ल्यूला येणारी मुलं फार मोठ्या संख्येने मराठवाडा-विदर्भातल्या, खानदेशातल्या शेतकरी-मजुरांच्या घरांतून येतात. घरात पहिल्यांदा पदवीपर्यंत पोहोचलेली. त्यांच्या वाट्याला आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांच्या भेटी येतात, व्यसनमुक्ती केंद्रं येतात, जळालेल्या सुना येतात. ज्या मुलीच्या स्वतःच्या घरात असं काही घडून गेलं आहे, तिला त्या ओसरीवर पाठवताना तिच्या मनात काय उठेल हे कोणी विचारलेलं असतं का? ती भेट घेऊन आल्यावर तिचं ऐकायला कोणी बसलेलं असतं का? देखरेख नसेल तर दोनच गोष्टी होतात. एक तर ती त्या दुःखात वाहून जाते आणि फील्डवर्क कसंबसं संपवते, किंवा ती स्वतःला टणक करून घेते आणि पुढची तीस वर्षं तशीच टणक राहते. दुसऱ्या प्रकारची माणसं आपल्या रुग्णालयांत पुष्कळ भेटतात. त्यांना दोष देण्याआधी, त्यांच्या विद्यार्थीदशेत त्यांचं ऐकणारं कोण होतं, ते विचारावं.

याच मुलांकडे एक गोष्ट अशी असते की जी शहरातल्या इंग्रजी शिकलेल्या मुलांना मिळवायला वर्षं लागतात. बाई 'जीव घाबरा होतो' म्हणते, 'अंगात आग होते' म्हणते, 'त्याला बाहेरचं झालंय' म्हणते, तेव्हा ती नेमकं काय सांगते आहे आणि काय लपवते आहे, हे त्यांना घरूनच कळतं. वर्गात मात्र हीच मुलं इंग्रजीतल्या निदानांच्या यादीपुढे अडखळतात आणि आपल्याला काही येत नाही अशी समजूत करून घेतात. त्यांना 'आपली बोली हे तुझं हत्यार आहे' असं सांगणारा शिक्षक लागतो. 'बाहेरचं झालंय' म्हणणाऱ्या आईला 'भगताकडे जाऊ नका' एवढं सांगून ती दवाखान्यात येत नाही. दवाखान्यात न आलेली माणसं कुठे पोहोचतात ते बघा : ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांत बांधलेल्यांसह २८ मनोरुग्ण जळून मेले. त्या माणसांना तिथे आणून सोडणारे घरचे क्रूर नव्हते. त्यांच्यापर्यंत दुसरं कोणी पोहोचलंच नव्हतं. आपल्याकडे २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो विद्यार्थ्यांना पाठ हवा. पण कायदा माहीत असणं वेगळं आणि देवऋष्याकडून आलेल्या आईशी, तिला न दुखावता, गोळीबद्दल बोलता येणं वेगळं.

काम किती पडलं आहे त्याचा अंदाज निम्हान्सने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणावरून येतो. वेगवेगळ्या आजारांत उपचारांची गरज असूनही ते न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपलं चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. त्याच्या चमूत मनोविकार समाजकार्यकर्त्याचं पद आहे, आणि ते पद भरलेलं असलं तर बहुधा कंत्राटी. अकरा महिन्यांच्या करारावर काम करणारा माणूस एखाद्या कुटुंबाशी तीन वर्षांचं नातं कसं ठेवणार? स्किझोफ्रेनिया अकरा महिन्यांत आटोपत नाही.

आणि येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे होऊनही राहिलेली माणसं आहेत. २०१७चा कायदा स्पष्ट सांगतो : घरचे स्वीकारत नाहीत, घर नाही, किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कोणालाही संस्थेत ठेवता येणार नाही. हे कलम अमलात कोण आणणार? डॉक्टर डिस्चार्ज लिहितील. पण पंधरा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या भावाचं गाव शोधणं, पोलीस ठाण्याशी बोलणं, रुग्णाला आठवणाऱ्या नदीच्या आणि देवळाच्या खुणांवरून तालुका काढणं, भावाच्या दारात उभं राहून त्याची भीती ऐकून घेणं, आधारकार्ड, बँकेचं खातं, जवळच्या आरोग्य केंद्रात औषधाची सोय, आणि महिन्याभराने पुन्हा जाऊन बघणं, हे सगळं कोणाचं काम आहे? कर्जतच्या 'श्रद्धा' संस्थेने रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उपचार करून देशभरातल्या त्यांच्या घरी पोहोचवण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामात समाजकार्यकर्ता रुग्णाबरोबर गाडीत बसून त्याच्या गावापर्यंत जातो. त्या प्रवासात होणारं बोलणं आणि गावात पोहोचल्यावर भरायचे कागद यांत मला तरी दर्जाचा फरक करता येत नाही.

म्हणून कॉलेजांना माझं सांगणं आहे की येत्या जूनमध्ये एजन्सींची यादी करताना एजन्सी किती नामांकित आहे ते नंतर बघा. तिथे मुलांना देखरेख कोण देणार, ते आधी लिहा. ज्या रुग्णालयात कोणी देणार नाही, तिथे कॉलेजचा शिक्षक आठवड्यातून एकदा गेलाच पाहिजे, आणि त्याचा तास अध्यापनाच्या भारात मोजला गेला पाहिजे. शासनाला सांगणं आहे की जिल्हा कार्यक्रमातली ही पदं कायम करा.

आणि विद्यार्थ्यांना सांगायचं ते असं. एजन्सी मिळेल त्या दिवशी 'तिथे काउन्सेलिंग करायला मिळेल का' हे विचारू नका. तीन गोष्टी विचारा : माझी आयसी कोण घेणार, दर आठवड्याला किती वेळ घेणार, आणि मला होम व्हिजिटला जाता येईल का. उत्तर मिळालं नाही तर फील्डवर्क समन्वयकाकडे लेखी मागा, आणि एकटे मागू नका, वर्गातल्या सगळ्यांनी मिळून मागा. ही सवलत नाही. तुमच्या अभ्यासक्रमात लिहिलेला तुमचा हक्क आहे.